डाव्या पायाची सैल पँट

ताई, नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे, वय ३४. यंदा शिमग्यात पालखी नाचवताना डावा पाय जागच्या जागी राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, पूर्ण तुटल्याचं निघालं. एप्रिलच्या मध्यावर ऑपरेशन झालं, मांडीच्या मागची शीर (स्नायूची दोरी, टेंडन) काढून गुडघ्यात बसवली. परवा सहा महिने झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सगळं छान आहे, हळूहळू सगळं करा." फिजिओ दोन महिने केली, पण आठवड्यातून दोनदा चिपळूण जमेना, म्हणून घरीच करतो म्हटलं. चालताना काहीच त्रास नाही, सायकलही सुरू केलीय. फक्त डाव्या पायाची पँट जरा सैल झालीय आणि उतारावर मी आपोआप सायकलवरून खाली उतरतो.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे ऑफ-रोड ट्रायथलॉन आहे: समुद्रात १ किलोमीटर पोहणं, सड्यावर (कातळाच्या पठारावर) २० किलोमीटर सायकल, मग पुळणीतून (किनाऱ्यावरच्या वाळूतून) आणि पाखाड्यांतून (दगडी पायऱ्यांच्या वाटांतून) ७ किलोमीटर धावणं. मित्रांनी माझीही फी भरून टाकलीय. पोहायची भीती नाही, लहानपणी खाडीतच शिकलो. बायको या विषयावर बोलायलाच तयार नाही, आईने देवीला गाऱ्हाणं घातलंय. रिलेचा प्रकारही आहे, म्हणजे टप्पे वाटून घ्यायचे, पण रिले म्हणजे अर्धवट वाटतं. उतरू की नको?

— अर्धा पाय पाण्यात

अरे अर्ध्या पाया,

वयाने मी तुझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठी, तेव्हा अहो-जाहो करत बसत नाही. पत्र दोनदा वाचलं. डॉक्टरांचं वाक्य तू अवतरणचिन्हांत टाकलंस आणि ज्या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे त्या 'फक्त' म्हणून एका ओळीत उरकल्यास. पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. पेशंट खुर्चीत बसून सांगतो ते एक असतं, आणि निघताना दारात चप्पल घालता घालता सांगतो ते खरं दुखणं असतं. सैल पँट आणि उतारावर उतरणं, ही तुझी दारातली वाक्यं.

उत्तर आधीच देते. तिन्ही टप्पे एकट्याने करायचे की नाहीत, हे आज ठरवायचं नाही. डिसेंबरच्या मध्यावर ठरवायचं, आणि तेही तुझ्या डाव्या पायाने. तोवर आयोजकांना फोन करून नाव रिलेत घालून ठेव.

तू मनात म्हणशील, जानेवारीत नऊ महिने भरतात की! भरतात, पण बाळंतपणासारखा हा हिशेब नाही. मांडीमागची जी शीर तुझ्या गुडघ्यात बसवली, ती बसवली तेव्हा चांगली दणकट होती. नंतर तिचं जुनं रूप मोडतं आणि हळूहळू ती अस्थिबंध बनते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती सगळ्यात कच्ची असते आणि पुढे वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, आत काम चालू राहतं. बाहेरून काही दिसत नाही, दुखत तर अजिबात नाही. म्हणून माणूस फसतो.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१६ साली आला होता. त्यात नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने खेळाडू थांबले, तितकं दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेलं. हे सगळ्यांना सांगितलं जातं. दुसरा निष्कर्ष लोक विसरतात. ताकदीच्या आणि उड्यांच्या कसोट्या पार न करताच जे मैदानात परतले, त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी पुन्हा गुडघा दुखावून घेतला. कसोट्या पार केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत होतं. अभ्यास लहान होता आणि खेळ फुटबॉल-हँडबॉलसारखे, गिरकीचे होते. पण सड्यावरच्या सायकलीत आणि पाखाडीवरच्या पळण्यात गिरक्या काय कमी असतात?

आता पँट. शिंप्याची टेप घे. दोन्ही पाय सरळ सोडून बस, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर मोजून पेनाने खूण कर, तिथे दोन्ही मांड्यांचा घेर घे आणि लिहून ठेव. फरक किती निघेल ते मी इथून सांगू शकत नाही, पण पँटीला कळतोय म्हणजे थोडाथोडका नसणार. गुडघा सुजला की मेंदू पुढच्या मांडीच्या स्नायूचा जोर स्वतःहून कमी करतो, जणू मेन स्विचच अर्धा खाली. सूज उतरते तरी स्विच आपोआप वर जात नाही, तो व्यायामाने वर ढकलावा लागतो. त्याच कामाला फिजिओ म्हणतात, आणि तुझी ती दुसऱ्या महिन्यात सुटली. चिपळूणला आठवड्यातून दोनदा जाणं जमत नाही हे मला मान्य आहे, एसटीच्या वेळा मलाही ठाऊक आहेत. पण पंधरा दिवसांतून एकदा जा आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर दाखव. 'घरीच करतो' म्हणणारे काय करतात तेही मला ठाऊक आहे. पाय वर-खाली वीस वेळा, तोही टीव्हीकडे बघत.

तुझ्या अंगणात नाहीतर गडग्याच्या कडेला एखादा जांभ्या दगडाचा चिरा पडलेला असेलच. तो सपाट जागी, डुगडुगणार नाही असा आडवा ठेव. डावा पाय चिऱ्यावर, उजवा मोकळा. आता डावा गुडघा वाकवत, मनात चार आकडे मोजत, उजवी टाच खाली ने आणि जमिनीला नुसती शिवव. वजन टाकायचं नाही, दूध गरम आहे का बघायला बोट लावतो तेवढंच. पुन्हा वर. वर जाणं सोपं असतं. खरी परीक्षा खाली येताना होते, कारण उतारावर मांडीला ब्रेकचं काम करावं लागतं. तू सायकलवरून उतरतोस ते भित्रेपणामुळे नव्हे. ब्रेक अर्धेच लागतात हे तुझ्या शरीराला कळलंय, आणि ते शहाणं आहे.

हे करताना बायकोला समोरून मोबाइलवर चित्रीकरण करायला सांग. (का सांगतेय, ते पुढे येईल.) व्हिडिओत एकच गोष्ट बघायची: वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो, की आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो? आत झुकला तर उड्या, वळणं, धक्के अजून तुझ्यासाठी नाहीत. आधी पंधरा-पंधराचे तीन फेरे स्वच्छ जमू देत, मग पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. जवळ व्यायामशाळा असेल तर लेग प्रेसही हवा, कारण नुसत्या अंगाच्या वजनावर मांडी पूर्ण भरून येत नाही. आणि शीर मांडीच्या मागून काढलीय हे विसरू नकोस, त्या बाजूलाही तिचा हिस्सा दे.

अजून एक काम दात घासताना कर. डाव्या एकाच पायावर उभा राहा, आणि जमेल तसे डोळे मीट. जवळ धरायला काही असू दे. तुटलेल्या अस्थिबंधात मेंदूला 'पाय आत्ता कुठल्या कोनात आहे' हे कळवणारे मज्जातंतू होते. नव्या शिरेला ते काम तसं येत नाही, बाकीच्या स्नायूंना शिकवावं लागतं. डांबरी रस्त्यावर हे ज्ञान थोडं कमी असलं तरी निभतं, पाय दर वेळी तसाच पडतो. ऑफ-रोडमध्ये एकही पाऊल मागच्यासारखं पडत नाही. या प्रकाराची सर्वांत नावाजलेली मालिका, एक्सटेरा, १९९६ साली हवाईतल्या माऊई बेटावर सुरू झाली, तिथे ज्वालामुखीचा दगड. आपल्याकडे जांभा. जानेवारीत सड्यावरचं गवत वाळलेलं असतं आणि कातळावर जांभ्याचे बारीक गोल खडे पसरलेले असतात, छऱ्यांसारखे. त्यावर ब्रेक दाबला की चाक थांबतं, सायकल थांबत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी माझाही उजवा एसीएल गेला, आणि फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता. सातव्या महिन्यात एका स्पर्धेत उतरले. पोहणं उत्तम, सायकल उत्तम. सायकल ठेवायच्या जागी आले, घाईत उतरले, बूट ओले, पाय जमिनीत रोवलेला आणि अंग वळलं. नवी शीर टिकली पण गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटली. दुसरं ऑपरेशन, आणि एकूण चौदा महिने. सड्यावरच्या सगळ्या उतारांत काही झालं नाही, सपाट मैदानात, उभ्या सायकलीपाशी झालं. त्यामुळे तुला ज्या जागांची भीती वाटते त्यांच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांची वाटत नाही त्यांच्याबद्दल लिहिते.

पहिली जागा समुद्र. 'खाडीत शिकलो' म्हणजे डोकं वर ठेवून, बेडकासारखे पाय मारत, बरोबर ना? कोकणातली निम्मी माणसं तशीच पोहतात, आणि दिवसभर पोहू शकतात. पण त्या लाथेत नडगी बाहेर वळते आणि गुडघ्याला आतल्या बाजूने ताण बसतो. तुला ती लाथ या वर्षी बंद. फ्रीस्टाइल शीक, पाय कमरेपासून सैल हलव, जोर हातांनी लाव. तीन महिन्यांत १ किलोमीटर नक्की जमेल. अभ्यासाला दिवस निवडताना पंचांग बघ. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारलंस तर ते तिथीची पाऊणपट सांगतील: कुठल्याही पक्षातली तिथी घे, तीनने गुण, चारने भाग, आली साधारण भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धर. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असल्याने पाण्याला ओढ कमी. म्हणजे अष्टमी-नवमीची सकाळ पोहायला. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, पण सकाळी ओहोटी लागलेली असते आणि ओली पुळण रुंद, घट्ट, सपाट मिळते. ती सकाळ धावायला. एकट्याने पाण्यात जायचं नाही, हे शिक्षकाला सांगायला नको.

बाहेर येणं पोहण्याहून अवघड. गुडघाभर पाण्यात उभं राहून धावत सुटायचं, हा सगळ्यांचा उत्साह. मागून लाट येते, पायाखालची वाळू ओढली जाते आणि गुडघ्याला बाजूने धक्का बसतो. तू तसं करू नकोस. हात दोनदा वाळूला लागेपर्यंत पोहतच राहा, मग उभा राहा, मान मागे वळवून लाट बघ, आणि पाय न उचलता घासत चाल. घासत चाललास तर वाळूत दबलेलं पाकटही (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं. अर्धा मिनिट जाईल, जाऊ दे. जमलं तर त्याआधी मालवणला चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, तिथे एखाद्या लहान अंतरात नाव दे. नुसतं पोहायचं आणि बाहेर यायचं. तुझ्या रंगीत तालमीला याहून चांगली जागा नाही.

दुसरी जागा सायकलवरून उतरायची. आपण सगळे डाव्या बाजूने उतरतो. डावा पाय जमिनीवर रोवतो आणि उजवा मागून फिरवतो. म्हणजे दर वेळी अख्खं अंग डाव्या गुडघ्यावर गिरकी घेतं. शिमग्यात तुला जे झालं तेच, फक्त ढोल-ताशे नसतात. आजपासून उजव्या बाजूने उतरायला शीक. आठवडाभर वेंधळ्यासारखं होईल, शाळेतली पोरं हसतील. पण ही सवय हाडात भिनायला हवी, कारण स्पर्धेत घाई झाली की शरीर जुन्याच बाजूने उतरतं. मित्र तुला क्लिपवाले पेडल आणि बूट घ्यायला सांगत असतील तर नको म्हण. ते सोडवायला टाच बाहेर फिरवावी लागते आणि पडताना ती नेमकी फिरत नाही. साधे रुंद पेडल घे. सीट इतकी वर घे की टाच पेडलवर ठेवली असता खालच्या टोकाला पाय जवळजवळ सरळ व्हावा. खाली बसवलेल्या सीटने गुडघ्याची वाटी कुरकुरते. चढाला हलका गिअर. उतारावर दोन्ही पेडल आडवे, बुड सीटवरून उचललेलं, मागे. आणि जो उतार आवडला नाही तिथे चालत जा. सायकल हातात धरून चालणारा बाद होत नाही.

(सड्यावर सराव करताना दगडावर हात टेकवण्याआधी बघ. जांभ्याच्या कपारीत फुरसं, म्हणजे विषारी साप, बसलेलं असतं आणि ते वाट सोडत नाही.)

धावण्याचं थोडक्यात. पुळणीच्या तिरक्या भागावर एकाच दिशेने धावलास तर एक पाय कायम खाली राहतो, तेव्हा जितकं जाशील तितकंच परत ये. पाखाडी चढताना पळ, उतरताना चाल, निदान यंदा. सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सराव आठवड्यातून एकदा हवाच. तेव्हा पाय परके वाटतात, आणि ते परके असतानाच पाखाडीची कड निसटते. एवढं पुरे.

गुडघा त्या दिवशी बोलत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतो. उठल्यावर वाटीभोवतीचे खळगे भरलेले दिसले, हाताला गरम लागला, तर आदल्या दिवशीचं जास्त झालं. पुढचे दोन दिवस निम्मं कर. दुखण्याची गोळी घेऊन सराव करायचा नाही आणि स्पर्धेच्या सकाळी तर मुळीच नाही. दुखणं झाकलं जातं आणि घाम गाळताना त्या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात. त्यापेक्षा उकड्या तांदळाची पेज, मीठ जरा जास्त, निघण्याआधी दोन तास. माझ्या मते त्या महागड्या एनर्जी ड्रिंकच्या पुड्यांना पेजेची सर नाही, पण हा माझा हट्ट समज.

आता डिसेंबर. मध्यावर एका सकाळी ओहोटीला ओल्या, कडक पुळणीवर जा. आधी फिजिओने उड्यांना परवानगी दिलेली असली पाहिजे, ही अट. पायात बूट. आधी उजव्या पायावर उभा राहून पुढे उडी मार आणि त्याच पायावर थांब. तीन उड्या, सगळ्यात लांब ती मोज. मग डाव्याने. उजवा १५० सेंटिमीटर गेला तर डावा निदान १३५ जायला हवा, म्हणजे ९० टक्के. पण अंतराइतकाच ठसा बघ. स्थिर पाऊल असेल तर ठसा एकच, रेखीव उमटतो. तोल गेला असेल तर टाच घसरलेली दिसते, अंगठा रुतलेला दिसतो. डॉक्टरला, बायकोला, मला फसवशील, पुळणीला फसवता येत नाही. उड्यांचं अंतर पोटरी आणि कमरेच्या जोरावरही ओढता येतं, म्हणून मांडीची ताकद चिपळूणला मोजून घे. तिथेही ९० हवेत. आणि चिऱ्यावरचा व्हिडिओ. तिन्ही जमलं तर एकट्याने उतर, शेवटच्या रांगेतून सुरुवात कर. तिन्हींतलं एक जरी राहिलं तरी रिले.

रिले अर्धवट वाटतं म्हणतोस, आणि हे कोण म्हणतंय? पालखी नाचवणारा माणूस! अख्ख्या शिमग्यात पालखी एका खांद्यावर कधी राहिलीय का? दर थोड्या वेळाने खांदे बदलतात, देव घरोघर पोचतो, आणि मधल्या खांद्याला कुणी अर्धवट म्हणत नाही. पोहण्याचा टप्पा तू घे, सायकल आणि धावणं मित्रांना दे.

बायको बोलत नाही ते गुडघ्यावरून नसावं असा माझा कयास आहे. एप्रिल ते जून तू खाटेवर होतास तेव्हा पाणी, पोरं, तुझी आंघोळ, ऐन पावसाच्या तोंडावर घराची शाकारणी हे कुणी केलं? आणि सहा महिन्यांनी तू मित्रांनी भरलेल्या फीबद्दल तिला सांगतोस. म्हणून मोबाइल तिच्या हातात दे म्हटलं. डिसेंबरातली तारीख तिला आत्ता सांग, पुळणीवर टेप तिला धरू दे. तिला आकडे दिसले तर ती 'हो' म्हणेल की 'नाही' ते मला माहीत नाही, पण निदान बोलेल. आईच्या गाऱ्हाण्याला माझा विरोध नाही, ते चालू राहू दे.

खरं सांगायचं तर मला तुझ्या जानेवारीपेक्षा मार्चची जास्त काळजी वाटते. अनवाणी पाय, खांद्यावर ओझं, गर्दीचा रेटा आणि ढोलाच्या तालावर गिरकी. ट्रायथलॉनमध्ये हे सगळं एकदम नसतं. शिमग्यापर्यंत अकरा महिने होतील. त्यावर फेब्रुवारीत पुन्हा लिही, आणि पत्रात दोन्ही मांड्यांचे घेर सेंटिमीटरमध्ये लिही, आजचे आणि तेव्हाचे.